नऊ नंबरच्या फितीचा कौल

मित्रांनो, झाकण जरा जपून उघडा. या गंजक्या डब्यातली नऊ नंबरची जुनी फीत ती मीच. एका गुजराती देवीच्या सिनेमाच्या आम्ही चौदा फिती होतो, त्यांतली मी नववी. बाकीच्या तेरा जणींचं पुढे काय झालं ते सांगेन, पण आधी माझं ऐका, कारण मला फार घाई आहे. मला शांत बसताच येत नाही. दिव्यासमोरून मी एका सेकंदात चोवीस चित्रं पळवते. क्षणभर जरी अडखळले तरी त्या दिव्याच्या आचेने माझ्या अंगाला भोक पडतं. धावायचं, एवढंच मला जन्मापासून शिकवलेलं आहे. आणि अशा मला गेली पंधरा वर्षं एका माळ्यावर सुक्या मिरच्यांच्या पोत्याशेजारी ठेवलंय! काय म्हणावं या माणसांना!

माझा जन्म १९५४ सालचा, मुंबईतला. कथा मात्र काठेवाडातली. नावलदे नावाच्या एका सतीचा नवरा व्यापाराला जातो तो परत येतच नाही. तेव्हा ती देवीपुढे उभी राहते आणि विचारते, आई, मी एकटीने त्याला शोधायला निघू का? त्यावर मूर्तीच्या खांद्यावरचं फूल आपोआप गळून पडतं आणि नावलदे निघते. हा चमत्कार माझ्या वाट्याला आला होता. दुसऱ्या फितींना गाणी मिळाली, लग्न मिळालं, दुष्काळ मिळाला, पण लोक हात जोडायचे ते माझ्याच वेळी. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? फूल काही आपोआप पडलं नव्हतं. मूर्तीच्या मागे एक माणूस उकिडवा बसला होता आणि त्याने सुताने ते ओढलं. ते सूत माझ्या अंगावर उमटलेलं आहे. बारीक नजरेने पाहिलंत तर दिसेल.

चार वर्षं मी गुजरातभर धावले. लोकांनी पडद्यापुढे नारळ फोडले, बायकांनी ओवाळलं. मग माझ्या अंगावर ओरखडे पडले, कडेची भोकं फाटली आणि आम्हां चौदा जणींना जुन्या म्हणून काढून टाकलं. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात तंबूतला सिनेमा घेऊन फिरणाऱ्या एका मालकाने आम्हांला उचललं. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की आमचा तंबू निघायचा. बैलगाडीतून मालवण, मालवणहून आचरा, खाडी आली की डबे होडीत. मला हे फिरणं फार मानवलं. आमचं यंत्र चालवायचा मालवणचा मेहबूब. पोरगेलासा दिसायचा, पण घरी बायको मुनिरा आणि दोन लेकरं होती. त्याचा हात माझ्यावरून असा फिरायचा की जखमेवर फुंकर घालावी. मी तुटले की तो ब्लेडने टोक खरवडायचा, औषध लावायचा आणि दाबून धरायचा. फितीची मसाल्याची बाजू, म्हणजे जिच्यावर चित्र उमटलेलं असतं ती, कोणती हे तो डोळ्यांनी बघत नसे. ओठाला लावून बघे. जी बाजू ओठाला चिकटते ती मसाल्याची. त्याची कधी चूक झाली नाही. म्हणजे एकदाच झाली, आणि तीच तर मला सांगायची आहे.

पहिली अडचण आली ती भाषेची. मी बोलते गुजराती आणि समोर बसलेली माणसं मालवणी. पहिल्याच खेळाला लोक चुळबुळ करायला लागले. मालकाने डोकं चालवलं आणि पिंगुळीहून गुरुदासला बोलावून घेतलं. हे गुरुदास चित्रकथीवाले. रंगवलेल्या चित्रांची पोथी पुढे मांडून रामायण सांगायचं, एक चित्र उलटायचं, पुन्हा सांगायचं, असा त्यांच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मालकाने त्यांना पडद्याशेजारी उभं केलं, माझा आवाज पार बारीक केला आणि सांगितलं की हे चित्र बघून तुमच्या भाषेत कथा सांगा. पण गुरुदासना सवय होती चित्राने त्यांच्यासाठी थांबण्याची, आणि मी कोणासाठी थांबते होय? ते नावलदेच्या माहेराचं वर्णन करीत असायचे आणि ती केव्हाच नदी ओलांडून गेलेली असायची. मग ते पडद्याकडे हात करून ओरडायचे, "रव गो बाये, वायच रव! माझां सांगून होवंदे, मगे धाव!" लोक पोट धरून हसायचे. मला राग यायचा, पण खरं सांगते, असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आणि मग तोंडवलीच्या वाळूवर तंबू पडला. तिथे जे झालं ते गुजरातेत कधीच झालं नसतं. तुम्हांला कौल ठाऊक असेलच. देवाच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवतात आणि मनातला प्रश्न विचारतात. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर उत्तर 'हो', डाव्या अंगाची पडली तर 'नाही'. त्या गुजराती सिनेमावाल्याच्या मनात उजवं-डावं असं काहीच नव्हतं. सूत जिकडे बांधायला सोयीचं तिकडे त्याने बांधलं. पण तोंडवलीत माझ्या नशिबाने फूल पडलं ते देवीच्या उजव्या अंगाचं, आणि पुढे बसलेली राधाबाई ताडकन उठून उभी राहिली. "उजवो! उजवो कौल दिल्यान गो देवीन! माझी म्हस गावतली!" राधाबाईंची म्हैस चार दिवसांपासून हरवली होती. दुसऱ्या दिवशी ती माडाच्या बागेत सापडली. झालं! माझ्या नावाचा एकच बोलबाला झाला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मित्रांनो, देवळातला कौल मागायचा म्हणजे गुरव लागतो, मानकरी लागतात. बाईला काही विचारायचं असेल तर घरच्या पुरुषाने ते विचारायचं आणि त्याला वाटेल तसं विचारायचं. पडद्यावरच्या देवीसमोर ना गुरव, ना मानकरी. अंधारात बसायचं, मनात प्रश्न धरायचा, बाजूच्या बाईलाही कळत नाही. बायका लोटल्या नुसत्या! बायकांची बाजू कनातीने वेगळी केलेली होती आणि ती नेमकी आमच्या यंत्राला लागून होती, त्यामुळे तिथली कुजबुज आधी माझ्या कानी यायची. सावित्रीने विचारलं, वेगळी चूल मांडू का? पडलं उजवं. रुक्मिणीला पन्नाशीचा नवरा सांगून आला होता. नाही म्हणू का? पडलं उजवं. मी कधी कोणाला 'नाही' म्हटलंच नाही. बायका "परत! परत!" असा गिल्ला करायच्या आणि मेहबूब तेवढाच भाग हाताने मागे फिरवून पुन्हा दाखवायचा. त्या पाच-सहा हातांच्या तुकड्याची भोकं फाटत चालली होती, पण कौतुक म्हटलं की मला दुखलेलं कळत नाही.

पुरुषमंडळी मात्र बेचैन झाली. गावचा गंगाराम एकदा मालकाच्या तोंडावर म्हणाला, "तुमच्या ह्या देवीक 'नाय' म्हणूक येणा नाय काय हो?" मालक नुसता हसला, कारण तंबू भरत होता.

याच गंगारामची भावजय म्हणजे हौसाबाई, आणि हौसाबाईंची सून तुळसा. तुळसाचं वय असेल बावीस. नवरा तापाने गेला त्याला तीन वर्षं झाली होती. घरात दोघीच, म्हातारी सासू आणि विधवा सून. तुळसा सातवी शिकलेली होती. रत्नागिरीला नर्सबाईंचं शिक्षण मिळतं हे तिला कळलं, तिने अर्ज केला आणि बोलावणंही आलं. सोमवारच्या बोटीने निघायचं होतं. हौसाबाईंनी हो म्हटलं तरच, कारण म्हातारीला टाकून पळून जाणारी ती पोर नव्हती. गंगारामने आधीच फर्मान काढलं होतं, घरंदाज बाई परमुलखात जाऊन परक्यांची दुखणी काढणार नाही. हौसाबाई ना हो म्हणत, ना नाही. शेवटी शुक्रवारी त्या म्हणाल्या, उद्या तुझ्या त्या सिनेमातल्या देवीला विचारू. ती सांगेल ते खरं.

तुळसा त्याच दुपारी धावत तंबूत आली. मेहबूब मला पुसत बसला होता. ती दाराशीच थांबून म्हणाली, "मेहबूबभाय, उद्या फूल उजवेकडेच पडतला मा?"

तो हसला. "गो, फिल्लम ती! काल पडला तांच आज, आणि आज पडतला तांच उद्या. तिका दुसरा कायच येणा नाय."

तुळसाने माझ्याकडे पाहून हळूच हात जोडले. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता, कारण आपण सासूला फसवतो आहोत हे तिला कळत होतं. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. असल्या कामाला माझी केव्हाही तयारी असते.

तो शनिवार आला. रमजानचे दिवस होते. संध्याकाळी बांग ऐकली आणि मेहबूबने खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, पण इंजिन सुरू व्हायला तयार नव्हतं, म्हणून उरलेले खजूर त्याने खिशात घातले आणि खेळ चालू असताना एकेक खात राहिला. हौसाबाई आणि तुळसा माझ्या अगदी जवळ बसल्या होत्या. कनातीच्या पलीकडे पहिल्याच ओळीत गंगाराम. आठ फिती झाल्या. माझी पाळी आली. मी अशी सुसाट निघाले की गुरुदासची गाडी पार मागे राहिली. नावलदे देवळात शिरली, हात जोडले, देवी दिसली, आणि नेमकी तिथे माझी फाटकी भोकं यंत्राच्या दातांत अडकली. मी तुटले. एकदा नाही, दोन जागी तुटले. मधला पाच-सहा हातांचा तुकडा सुटा होऊन मेहबूबच्या हातात आला. पडदा पांढरा पडला आणि तंबूत बोंब उठली.

तुम्हांला सांगते, असं जिवावर बेतल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात मेहबूबचे हात चालू होते. लोक ओरडत होते, मालक ओरडत होता. त्याने सवयीने माझा तुकडा ओठाला लावला. पण ओठांना खजुराचा चिकटा लागलेला! ही बाजू चिकटली, तीही चिकटली असती. मी ओरडत होते, अरे, उलट धरलास, उलट! पण फितीचं कोण ऐकतं? त्याने दोन्ही टोकं जोडली, दाबली आणि मला पुन्हा सोडलं.

तुकडा उलटा लागला की काय होतं माहीत आहे? आरशात दिसतं तसं दिसतं. उजव्याचं डावं होतं. आवाजही जातो, पण आमचा आवाज बारीकच असायचा आणि सांगायला गुरुदास उभे होते, त्यामुळे ते कोणाला कळलंच नाही. देवी दिसली. तुळसाने सासूचा हात घट्ट धरला. सूत ओढलं गेलं. आणि मी ते फूल देवीच्या डाव्या अंगाने पाडलं.

गुरुदासांचं तोंड उघडंच राहिलं. मग कनातीच्या पलीकडून गंगारामचा आवाज आला, "डावो! डावो कौल! वयनी, बघलंस मा? विषय सोपलो!"

तुळसा रडली नाही. तिने फक्त सासूचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते हात मी अजून विसरले नाही. एवढी कामाची मी, आयुष्यभर सगळ्यांना 'हो' म्हटलं, आणि जिला खरी गरज होती तिलाच माझ्याकडून 'नाही' गेलं. वाटलं, त्या दिव्यासमोर तसंच थांबावं आणि जळून जावं.

मेहबूबने यंत्र बंद केलं. जोड कसा लागलाय हे त्याला आता कळलं होतं. कंदील घेऊन तो बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशे, देवी काय एक बोलूक नाय. चूक माझी. तुकडो उलटो जोडलंय. पाच मिनिटां बसा, सुलटो करून दाखयतंय. फूल उजवेकडेच पडतला."

"चूक असो नायतर काय असो," गंगाराम म्हणाला, "पडलो तो कौल!"

हौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. इतका वेळ त्या पडद्याकडे एकटक बघत होत्या. मित्रांनो, गुजराती बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, आपल्याकडच्या बायका डाव्या. माझ्यातल्या देवीचाही पदर उजव्या खांद्यावर होता. तुकडा उलटा लागल्याने तो डाव्या खांद्यावर गेला. एवढ्या गर्दीत ते पाहिलं फक्त या म्हातारीने.

"रवांदे ता तुझा यंत्र, मेहबूबा," त्या म्हणाल्या. "ही देवी रोज पदर उजव्या खांद्यार घेता म्हणान सगळी बायलां सांगत. आज तिना डाव्या खांद्यार घेतल्यान, आमच्यासारो. परकी होती तवसर बायल माणसाक 'जा' म्हणी. आमच्यातली झाली आणि लगेच 'नाय' म्हणूक लागली."

कोणीतरी खुदकन हसलं.

"आये," तुळसा खाली मान घालून म्हणाली, "माका ठावक होता. फूल उजवेकडेच पडतला म्हणान मी तुका हाडलंय. मी तुका फसयत होतंय."

"आणि माका ठावक नव्हता?" हौसाबाई म्हणाल्या. "सगळो गाव सांगता, ती देवी 'नाय' म्हणणा नाय. म्हणान तर मी इलंय. तुका धाडूचा ह्या माझ्या मनात कधीच ठरलेला. पण भावकी इचारतली, म्हातारे, धाडलंस कशी? तेव्हा सांगूक माका देवी व्हयी होती." त्यांनी तुळसाचा हात हातात घेतला. "आता देवी तर नाय म्हणता. मगे माकाच सांगूक व्हया. तू जा. सोमवारच्या बोटीन जा. कोणी इचारल्यान तर माझा नाव सांग."

"आणि तुका कोण बघतला?" गंगाराम ओरडला.

"तू आसस मा? तू बघ!"

तेव्हा मात्र बायका अशा हसल्या की कनात हलली.

तुळसा सोमवारी गेली. मी डब्यात होते, मला बोट दिसली नाही. निघण्याआधी ती मेहबूबकडे येऊन एवढंच म्हणाली, "तो तुकडो तसोच रवांदे." आणि त्या भल्या माणसाने तो तसाच राहू दिला. पुढच्या गावांत फूल डावीकडे पडू लागलं. बायका हिरमुसल्या, गर्दी ओसरली, मालकाने आदळआपट केली. पण मेहबूब म्हणाला, जोड सोडवला तर फीत फाटेल. तो सरळ खोटं बोलला. दोन हंगामांनी तंबूच उठला. माझ्या तेरा बहिणी भंगारात गेल्या. बांगड्या करायला त्यांना वितळवलं म्हणतात. मला मात्र मेहबूबने सदऱ्याखाली लपवून घरी आणलं आणि माळ्यावर ठेवलं. तेव्हापासून मी इथे आहे. पहिल्या वर्षी त्याने मला दोनदा ऊन दाखवलं. मग तो कामासाठी आखाती देशात गेला आणि माझी विचारपूस संपली. पावसाळ्यात डबा गंजतो. अंगाला आंबूस वास येतो. खाली जातं घरघरलं की मला वाटतं यंत्र सुरू झालं, आणि मी उगाच सावरून बसते.

गेल्या महिन्यात शेजारची पोरं माळ्यावर चढली. त्यांना मी सापडले. कात्रीने एकेक चित्र कापायचं आणि उन्हात धरून बघायचं, असा खेळ त्यांनी मांडला. नावलदेची नदी गेली, देऊळ गेलं. कात्री त्या उलट्या तुकड्यापाशी आली. त्याच दिवशी मेहबूबची थोरली मुलगी अकिला, माहेरी आलेली, बाळंतपणात अडली होती आणि तिला पाहायला सरकारी नर्सबाई आल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात पेटी. बाळ सुखरूप झालं, बाई हात धुवायला परसात आल्या आणि पोरांच्या हातात त्यांनी मला पाहिलं.

त्यांनी कात्री काढून घेतली. मला उन्हाच्या उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या अंगाला डेटॉलचा वास येत होता. मला त्या हातांची ओळख पटायला वेळ लागला नाही.

"ही कोण गो बाय?" एका मुलीने विचारलं.

"ही देवी. हिना नाय म्हटल्यान," तुळसा म्हणाली, "म्हणान माझ्या सासवेन जा म्हटल्यान."

मुलीला काही कळलं नाही. तुळसाने डोळे पुसले. हौसाबाई गेल्या त्याला वर्ष झालं होतं. शेवटपर्यंत तुळसाची पत्रं त्यांना गंगारामच वाचून दाखवायचा, असं ती मुनिराला सांगत होती. मग तिने मला गुंडाळलं, डब्यात ठेवलं आणि पोरांना दटावून दुसऱ्या बाळंतिणीकडे निघून गेली.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एकच मागणं आहे. घरात कुठे माझ्यासारखी फीत सापडली तर तिला कापू नका. कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा मऊ फडक्याने पुसा. जमलं तर मला एकदा दिव्यासमोरून धावू द्या, माझे पाय शिवशिवताहेत. माझा उलटा तुकडा मात्र सुलटा करू नका. आणि तुमच्यातल्या कोणाला कुठे निघायचं असेल तर माझ्याकडे कौल मागू नका. मागे बसलेला माणूस सूत ओढतो आणि फूल पडतं, एवढंच मला येतं. तुम्हांला जा म्हणणारं माणूस तुमच्या शेजारी बसलेलं असेल. त्याचा हात धरा आणि त्यालाच विचारा.